पंगत उठेपर्यंत

मी फिस्टुला बोलतोय. नाव परकं आहे, त्याला माझा इलाज नाही. ज्याच्या हातात मी आहे त्याने हे नाव कधी तोंडात घेतलं नाही. तो मला नुसतं 'हात' म्हणायचा. 'हात चालू आहे.' एवढंच.

मी काय आहे ते आधी सांगतो. ज्याची मूत्रपिंडं थकतात, त्याचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. त्यासाठी रक्त जोरात बाहेर यायला हवं आणि तितक्याच जोरात परत आत जायला हवं. साधी शीर एवढा लोंढा देत नाही. म्हणून डॉक्टर हातातली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून टाकतात. धमनीचं दांडगं रक्त शिरेत घुसतं. शीर फुगते, जाड होते, सुया सोसायला शिकते. तो जोड म्हणजे मी.

मला डोळे नाहीत. कातडीखाली जन्मलो, कातडीखालीच आहे. ऐकू मात्र सगळं येतं. हाताला जे लागतं ते मला लागतं. तेवढ्यावर मी माणसं ओळखतो.

जिवंत असल्याची माझी एकच खूण होती. थरथर. माझ्यावर तळवा ठेवला की आत भिंगरी फिरल्यासारखं लागायचं. कान लावला की घरघर ऐकू यायची. ती आहे तोवर मी आहे. ती थांबली की घड्याळ सुरू होतं, आणि ते घड्याळ फार वेळ देत नाही.

माझ्या मालकाचं नाव गुणवंत शेलार. मी त्याला अरेतुरे करतो. एका रक्ताचे आहोत, अहोजाहो कशाला?

तो साताऱ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. आणीबाणीच्या आधी दिल्लीला आला आणि कस्तुरबा गांधी मार्गाकडच्या एका सरकारी अतिथिगृहात भांडी घासायला लागला. तिथूनच मुख्य आचारी म्हणून निवृत्त झाला. मंत्री आले, आमदार आले, परीक्षेला आलेली गरीब पोरं आली. कामं अडून बसलेली, दिल्लीच्या थंडीने आणि हिंदीने गांजलेली मराठी माणसं त्याच्या हातचं पिठलं खाऊन गप्प व्हायची. कोणी कौतुक केलं तर तो म्हणायचा, "मीठ बरोबर होतं ना? मग झालं."

त्याचा एक कायदा होता. पंगत उठेपर्यंत वाढप्याला तोंड नसतं. वाढणाऱ्याने आपली भूक सांगायची नाही, आपला ताप सांगायचा नाही, घरचं बरंवाईट सांगायचं नाही. जेवणाऱ्याचा घास कडू होतो. हा कायदा त्याने हाताखालच्या कित्येक पोरांना शिकवला आणि स्वतः पाळला. एकदा भजी तळताना डाव्या मनगटावर तेल उडालं. बाहेर मोठी पंगत बसली होती. त्याने बाही खाली ओढली, बटण लावलं आणि शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत वाढत राहिला. बाही काढली तेव्हा तिच्याबरोबर कातडी आली.

त्या डागामुळेच मी मनगटावर जन्मलो नाही. डॉक्टरने त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. "यहाँ तो नसें जल चुकी हैं. कोहनी के पास बनाना पड़ेगा. बाबूजी, करछी किस हाथ से चलाते हो?"

"दायें से."

"तो बायें में बनाते हैं. और एक बात सुन लो. बायें में यह आख़िरी जगह है. यह बिगड़ा तो अगला दायें में बनेगा. फिर बड़ी रसोई भूल जाना."

गुणवंत म्हणाला, "नहीं बिगड़ेगा."

असा मी डाव्या कोपरापाशी जन्मलो, उजव्या हाताचा जामीन म्हणून.

मला वाढवायचं म्हणून दवाखान्याने रबरी चेंडू दिला होता. मुठीत दाबायचा, सोडायचा, की शीर फुगते. चेंडू त्याने खिडकीत ठेवला. सुनेकडून कणकेचा गोळा मागून घेतला आणि दिवसभर तो मळत बसायचा. म्हणाला, रबर दाबायला मी काय लहान मूल आहे? त्या गोळ्यावर मी धरलो. हात घट्ट, मी घट्ट.

तेव्हा तो गाझियाबादला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आला होता. मुलगा शशिकांत, केंद्र सरकारच्या नोकरीत. सून हेमलता. नात मीनाक्षी, गुरुग्रामच्या एका कंपनीत. चौथा गुणवंत आणि पाचवा मी, असं मी धरून चालायचो.

माझे नियम कडक होते. या हाताला घड्याळ नाही. रक्तदाबाचा पट्टा नाही. ओझं नाही. या कुशीवर झोपायचं नाही. घट्ट बाही तर अजिबात नाही. गुणवंतला नियम आवडतात. त्याने सगळे पाळले. रोज सकाळी चहाच्या आधी तो उजवा तळवा माझ्यावर ठेवायचा. मी थरथरायचो. "चालू आहे," तो म्हणायचा, आणि मग स्वयंपाकघरातून हेमलता विचारायची, "बाबा, चहा ठेवू?" चालू आहे म्हटल्याशिवाय चहा नाही, असा घरचा रिवाज पडला होता.

मीनाक्षी कान लावायची. "आजोबा, तुमच्या हातात मिक्सर चालू आहे. चटणी कशाची?"

"तुझ्या मराठीची. काल फोनवर काय म्हणालीस? 'मैं पोहोचून जाते'?"

"अच्छा, सॉरी."

"अच्छा म्हणालीस. एक कांदा चीर."

हा त्यांचा खेळ होता. घरात 'अच्छा' म्हटलं की कांदा चिरायचा. गाझियाबादेत मराठी अशी टिकवावी लागते.

बाकी आमचा जन्म खुर्चीत गेला. सोमवार आणि गुरुवार. दवाखान्यातली खुर्ची, शेजारी मशीन, माझ्यात दोन सुया. तो खुर्चीला बांधलेला, मी सुयांना. त्याने हात हलवायचा नाही, मी पळायचं नाही. पळणार तरी कुठे? एका बाजूला खांदा, दुसऱ्या बाजूला मनगट. ज्याने जन्मभर लोकांना हवं ते वाढलं, त्याला आता पाणीसुद्धा बेतानं प्यायचं होतं. टोमॅटो नको, नारळ नको, पालक नको. तो तक्रार करत नसे. शेजारच्या खुर्चीवर कोणी कण्हलं तर मात्र म्हणायचा, "कण्हून सुई बारीक होती है क्या?"

टेक्निशियन श्याम बिहारकडचा, हाताने हलका आणि तोंडाने मोकळा. माझ्यात सुई घालण्याआधी तो मला बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "बाबूजी, आपका हाथ तो बढ़िया गाता है." मला त्याचा आवाज आवडायचा. त्याने मला कधी घाई केली नाही.

मग मीनाक्षीचं लग्न निघालं.

मुलगा जयंत. गुरुग्रामातच कामाला, दोघांची आधीच ओळख होती आणि पसंती जवळपास झालेली. आईवडील पुण्याचे. ते रविवारी दुपारी जेवायला येणार, घर पाहणार, बोलणी करणार. हे ठरलं त्या दिवशी घरात बैठक बसली.

हेमलता म्हणाली, "बाबांचं डायलिसिस सांगून टाकू या. लपवायचं कशाला?"

शशिकांत म्हणाला, "पहिल्याच भेटीत? लोक लगेच विचारतात, घराण्यात आहे का. मुलीलाही होणार का. एकदा बोलणी होऊ देत, मग सांगू."

"मीनूला चालेल का ते?"

"मीनूला विचारायला ती घरात असते कधी? मेट्रोत असते नाहीतर मीटिंगमध्ये."

गुणवंत म्हणाला, "सांगायचं नाही. माझ्या दुखण्याचं ताट तिच्या पाहुण्यांपुढे नाही मांडायचं. मी पूर्ण बाहीचा शर्ट घालीन. आणि स्वयंपाक मी करणार."

"बाबा, एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाही?" हेमलता म्हणाली.

"अतिथिगृहात काय बर्फ पडायचा?"

विषय संपला. त्याच्या पुढे विषय असेच संपतात.

आता माझं सांगतो. त्याच सुमारास मी अरुंद व्हायला लागलो होतो. माझ्या भिंतीला एके ठिकाणी आतून गाठ धरत होती. दुखत नव्हतं. खुणा मात्र मी देत होतो. सुई काढल्यावर रक्त लवकर थांबेना. हात किंचित सुजायचा. मशीन मधूनच ओरडायचं. यापेक्षा मोठ्याने मला बोलता येत नाही.

गुरुवारी श्यामने मला चाचपलं आणि त्याची बोटं थबकली. "बाबूजी, गाना कमज़ोर पड़ गया है. प्रेशर भी ज़्यादा आ रहा है. आज ही बड़े डॉक्टर को दिखा लो. अभी नली सिकुड़ी है, गुब्बारे से खोल देंगे. बंद हो गई तो भागना पड़ेगा."

"सोमवार को दिखाऊँगा. इतवार को घर में मेहमान हैं."

"मेहमान तो फिर आ जाएँगे."

"ये वाले नहीं आते फिर."

श्यामने सुया काढल्या आणि मला बराच वेळ दाबून धरलं. "चलो, मर्ज़ी आपकी. पर एक बात याद रखना. थरथराहट बंद हो, तो उसी घड़ी फ़ोन करना. न दिन देखना, न रात, न मेहमान. खून जमता है तो पहले नरम होता है. एक-दो दिन में नस से चिपक जाता है. फिर डॉक्टर भी क्या करेगा?"

गुणवंतला हे दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. विरजण त्याने आयुष्यभर लावलं आहे. ताजं असताना भांडं हलवलं तर मोडतं. घट्ट लागलं की कडेला धरतं. माझ्यातलं रक्तही तसंच. त्याला हे पक्कं कळलं होतं. न कळून चुकला असता, तर मी एवढं बोललो नसतो.

शुक्रवारी तो कामाला लागला. कपाटातून जुना पांढरा शर्ट काढला, नोकरीतला, आणि बसतो का बघायला अंगात घातला. माणूस सुकला होता, पण तो हात माझ्यामुळे जाड झाला होता. बाही घट्ट बसली. ओट्यापाशी गेल्यावर त्याने ती दुमडली, दोनदा, तीनदा, कोपराच्या वरपर्यंत. ती कापडाची घडी बरोबर माझ्यावर बसली. मला लपवायला आणलेलं कापड माझ्या गळ्याशी आलं.

दिवसभर तो वाटत होता, भाजत होता, दूध आटवत होता. मोठं पातेलं डाव्या हाताने उचललं, उजव्याने पुसलं, परत ठेवलं. हेमलता म्हणाली, "बाबा, मी उचलते." तो म्हणाला, "तू बाजूला हो. चटका बसेल." दिवस मावळेपर्यंत बाही तशीच होती. मी ढकलत होतो, ढकलत होतो. एक लाट गेली की दुसरी उशिरा यायची. मग ती गाठीपाशी अडली आणि तिथेच बसली. तिच्यामागची तिच्यावर बसली.

शनिवारी सकाळी त्याने तळवा ठेवला.

मी नव्हतो.

त्याने तळवा उचलून हात झटकला, परत ठेवला. मग बोटांनी दाबून पाहिलं. मान वाकवून कोपराकडे कान नेला, पण स्वतःच्या कोपराला कान लावता येत नाही. तो तसाच पलंगावर बसून राहिला. मी आतून सगळं ऐकत होतो. त्याचं काळीज धडधडत होतं आणि त्यातला एकही ठोका माझ्यापर्यंत पोचत नव्हता. मी विहिरीत पडलेल्या माणसासारखा होतो. वर माणसं चालतात, बोलतात, आणि कोणी खाली वाकत नाही.

फोन त्याच्या उशाशी होता. श्यामचा नंबर त्यात होता.

स्वयंपाकघरातून हेमलता म्हणाली, "बाबा, हात चालू आहे ना? चहा ठेवू?"

तो म्हणाला, "चालू आहे. ठेव."

मी त्या घरात कधी खोटं ऐकलं नव्हतं. त्याच्या तोंडून तर नाहीच.

त्याचं गणित मला कळत होतं. आज बोललो तर दवाखान्यात ठेवून घेतील. घर धावाधाव करील. पाहुण्यांना काय सांगायचं? किडनीचं घर म्हणून निरोप येईल. मीनूचं जमलेलं मोडेल. सोमवारी मशीन आहेच, तेव्हा बघू. माणूस मनाशी असं बोलतो तेव्हा सगळं किती सरळ वाटतं. त्या गणितात फक्त मी धरलेला नव्हतो. आणि माझ्यामागचा उजवा हात धरलेला नव्हता.

शनिवार गेला. त्याने अळूच्या पानांना पीठ लावलं, वळकट्या केल्या. मधूनमधून, कोणी नसताना, तळवा माझ्यावर यायचा आणि निघून जायचा. संध्याकाळपर्यंत मी दोरीसारखा ताठरलो होतो. जिथे थरथर होती तिथे आता ठणका होता.

रविवारी पाहुणे आले. जयंतचे वडील विश्वनाथ, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे. आई उल्काताई, कमी बोलणाऱ्या. दारातच विश्वनाथ म्हणाले, "वा, काय वास सुटलाय. लिफ्टमधूनच पत्ता सापडला."

मीनाक्षीने पाणी दिलं. विश्वनाथ म्हणाले, "दिल्लीत वाढलीस आणि मराठी इतकी स्वच्छ?"

"आजोबांचा धाक. अच्छा म्हटलं की एक कांदा चिरायचा."

जयंत म्हणाला, "म्हणजे रडत रडत शिकलीस."

"तू आमच्याकडे आलास तर पोतं संपेल."

सगळे हसले. गुणवंतही हसला असावा. त्याचा हात जरा सैल पडला, म्हणून म्हणतो.

पानं वाढली. मसालेभात, अळूवडी, भरली वांगी, बासुंदी. तो वाढत होता. वाटी डाव्या हातात, पळी उजव्या हातात. वाटी जड होत होती. श्वासही नेहमीसारखा नव्हता.

उल्काताई म्हणाल्या, "बाबा, तुम्हीही बसा की. आणि पूर्ण बाही? उकडत नाही का?"

"सवय आहे. तुम्ही जेवा."

तेवढ्यात एका पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. उल्काताई हळू म्हणाल्या, "माफ करा हं. मला जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं. आत जाऊन चोरून घेणार होते, पण मला ते बरं वाटेना."

विश्वनाथ म्हणाले, "अगं, जेवणानंतर सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"तुमचं ठरलं होतं. माझ्या घरात मधुमेह आहे, माझ्या आईला होता, मला आहे. उद्या मुलगी येणार आमच्यात. तिला आज कळायला नको?"

हेमलताच्या बांगड्या थांबल्या. शशिकांतच्या घशातून खाकरल्यासारखा आवाज आला. सगळं घर गुणवंतच्या तोंडाकडे बघत असणार. मी कान टवकारले. आता, म्हटलं. आता बोल. त्यांनी दार उघडून दिलं आहे. अजूनही वेळ आहे, थोडा आहे, पण आहे.

त्याने श्वास घेतला. शब्द आला होता, मला तो छातीतून वर येताना लागला. मग त्याने खाली पाहिलं असावं. पानं अर्धी वाढून झाली होती. पंगत बसलेली होती.

"बासुंदी मग तुम्हाला चालायची नाही," तो म्हणाला. "थांबा. बिनसाखरेचं काहीतरी करून आणतो."

आणि तो आत गेला. गॅस पेटला. आचेची ऊब बाहीतून माझ्यापर्यंत आली. त्याने उरलेलं दूध घेतलं, त्यात बदाम किसले आणि ते आटेपर्यंत उभा राहिला. मी तिथे पडून होतो आणि तो दूध ढवळत होता. एवढा चिडलो मी जन्मात कधी नव्हतो. चिडून करणार काय? माझ्याकडे हलायला काही उरलं नव्हतं.

पंगत उठली. मला वाटलं, आता तरी. पण विश्वनाथना त्याच्या नोकरीतले किस्से ऐकायचे होते. कोण मंत्री काय खायचा, कोण रुसायचा. कॉफी झाली. सुपारी झाली. पाहुणे बसलेले असताना पंगत उठली असं तो धरत नाही.

शेवटी विश्वनाथ म्हणाले, "आमच्याकडून होकार आहे. मुलांनी मोठ्यांच्या पाया पडावं, म्हणजे आम्ही मोकळे."

जयंत पाया पडला. मीनाक्षी वाकली, उठली, आणि लहानपणीच्या लाडाने आजोबाच्या डाव्या हाताला बिलगली. तिचा गाल माझ्यावर आला, बाहीवरून.

ती हलली नाही. मग तिने कान दाबला.

"आजोबा."

"काय गं?"

"मिक्सर बंद आहे."

"उठ. पाहुणे आहेत."

"आजोबा, हात बंद आहे. कधीपासून?"

"मीनू, नंतर."

"कधीपासून, विचारतेय मी." तिने बाहीचं बटण ओढलं. ते तुटून फरशीवर पडल्याचं मी ऐकलं. तिची बोटं गार होती. "आई, हात लाव. दोरी झालीय याची."

हेमलताचा हात आला. "बाबा, काल मी विचारलं होतं. चालू आहे म्हणालात."

शशिकांत म्हणाला, "काल? बाबा, काल?"

गुणवंत म्हणाला, "काल सकाळी गेला. ओरडू नका. घरात माणसं आहेत."

मीनाक्षी पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "माझे आजोबा डायलिसिसवर आहेत. आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता मी त्यांना घेऊन दवाखान्यात चाललेय. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा."

मग उल्काताईंचा आवाज आला, धारदार. "ठरवायचं काय? जयंत, गाडी काढ. बाबा, तुम्ही माझ्यासाठी दूध आटवत उभे होतात, आणि हा हात असा होता? मला तो घास कसा उतरेल आता?"

ज्या घासासाठी तो गप्प बसला, तोच कडू झाला.

रविवारी मोठे डॉक्टर जागेवर नसतात. फोन गेले. रस्ता तुंबलेला. वाटेत गुणवंतला दम लागला. दवाखान्यात तरुण डॉक्टरने आधी मानेत नळी घातली, कारण रक्त धुणं थांबवून चालणार नव्हतं. श्यामची त्या दिवशी सुट्टी होती, तरी तो आला. त्याने मला चाचपलं आणि बोटं काढून घेतली. या वेळी गाण्याचं नाव निघालं नाही.

मोठे डॉक्टर सोमवारी सकाळी आले. त्यांनी माझ्यात बारीक तार घातली. फुगा आला, औषध आलं. ओढलं, ढकललं, परत ओढलं. एकदा रक्त सुटलं. एकदा मी थरथरलो. खरं सांगतो, थरथरलो. गुणवंत टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, "चालू आहे." आणि तो म्हणत असतानाच मी पुन्हा मिटलो.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "खून दीवार से चिपक चुका है. शनिवार को लाते तो गारंटी नहीं देता. पर मौका था. अच्छा मौका था."

गुणवंतने एवढंच विचारलं, "दायाँ?"

"दायाँ."

मानेतली नळी पावसाळाभर राहिली. तिच्यातून ताप शिरला, एकदा फार वाईट शिरला. मग उजव्या कोपराला माझ्यासारखाच एक जोड केला. तो आता चांगला वाढला आहे. त्याची घरघर मला इकडे, छातीपलीकडून ऐकू येते. माझं त्याच्याशी भांडण नाही. कोणी कोणाच्या जागी येतं ते विचारून येत नाही.

मीनाक्षीचं लग्न झालं. उल्काताई आठवड्याला फोन करतात आणि पहिला प्रश्न उजव्या हाताचा विचारतात. लपवून जोडायचं ठरलेलं नातं उघड्यावर जुळलं, आणि तसंच जुळायचं होतं. मग मी कशासाठी गेलो, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गुणवंत आता मोठं पातेलं उचलत नाही. पळीही फार वेळ धरवत नाही, सुयांच्या दिवशी तर नाहीच. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसतो. ओट्यापाशी शशिकांत उभा असतो, ज्याने सरकारी नोकरीत फाइलीखेरीज काही ढवळलं नव्हतं.

"आच कमी कर. आता मीठ. एवढं नाही. परत चाखून बघ."

"बाबा, बरोबर आहे."

"बरोबर नाही. तुला कळत नाही म्हणून बरोबर वाटतं."

तो आता बोलतो. दुखलं तर सांगतो, चक्कर आली तर सांगतो, रागाने सांगतो, पण सांगतो. श्याम म्हणतो, बाबूजी, आप तो रेडियो हो गए.

मी डाव्या कोपराला आहे. कडक, गार, बोटभर जाड. मला काढत नाहीत. काढायचं कारण नसतं. तो गेला की जाईन, तोवर इथेच. मी त्याला माफ केलेलं नाही. ज्याच्या हातात राहायचं त्याला माफ करून जायचं कुठे? पण कधीकधी सवयीने सकाळी त्याचा उजवा तळवा आधी माझ्यावरच येतो. क्षणभर थांबतो. मग उठतो, आणि डावा तळवा उजव्या कोपराकडे जातो.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कोणाच्या मनगटात, कोणाच्या दंडात. आम्हाला तोंड नाही. आम्ही थरथरतो, तेच आमचं बोलणं. रोज तळवा ठेवा. आवाज बारीक झाला, हात सुजला, सुईचं रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दाखवा. आणि एखाद्या सकाळी खाली काहीच लागलं नाही, तर चहाची वाट बघू नका, सोमवारची बघू नका, पाहुणे जाण्याची बघू नका. घरात जे चाललं आहे ते तसंच टाका आणि दवाखान्याला फोन करा.

पानं वाढलेली असली तरी उठा.